चाफा पाण्यावाचून मरत नाही

सोलापूर जिल्ह्यात झाडे लावण्याची चर्चा निघाली की ‘पाणी कोठून आणावयाचे?’ हा प्रश्न सर्वांत आधी पुढे येतो. प्रश्न रास्त आहे. जिल्ह्याचे सरासरी पाऊसमान वर्षाला साडेपाचशे ते सहाशे मिलिमीटरच्या दरम्यान. त्यातही निम्मे पावसाळे हुलकावणी देणारे. १९५० साली वनमहोत्सव सुरू झाला, २०१९ साली राज्याने एका पावसाळ्यात ३३ कोटी रोपांचे लक्ष्य ठरविले. परंतु लावलेल्या रोपाचा दुसरा उन्हाळा हीच खरी परीक्षा असते. ज्या गावात पिण्याचे पाणीही डोक्यावरून वाहावे लागते, तेथे शाळेच्या आवारातील रोपट्यासाठी रोज घागर कोणी ओतावी?

अशा ठिकाणी खुरचाफ्याचा, म्हणजेच देवचाफ्याचा विचार अगत्याने व्हावयास हवा. जुन्या देवळांच्या ओवऱ्यांपाशी, दर्ग्यांजवळ व स्मशानभूमीच्या कडेला कोणी पाणी न घालताही वर्षानुवर्षे उभे असलेले हे झाड सर्वांच्या परिचयाचे आहे. असे असूनही नव्याने लावलेला चाफा मात्र पुष्कळदा वर्षाच्या आत सडून जातो. त्याचे कारण दुर्लक्ष नसून बहुधा अतिकाळजी हेच असते.

हे झाड मूळचे या देशाचे नव्हे. मेक्सिको, मध्य अमेरिका व कॅरिबियन बेटे ही त्याची जन्मभूमी. चार्ल्स प्लुमिए या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावावरून त्याला प्लुमेरिया हे शास्त्रीय नाव मिळाले. सोनचाफ्याशी त्याचे नाते केवळ नावापुरते आहे. कण्हेर, करवंद व रुई हे त्याचे खरे भाऊबंद. त्यांच्याप्रमाणेच त्याच्या अंगात चीक असतो आणि जाड, मांसल फांद्यांत तो पाणी साठवून ठेवतो. फांदीत पाण्याची शिदोरी बांधून आलेल्या या झाडाच्या मुळाशी पाणी साचू दिले की ते कुजते.

सोलापूरच्या काळ्या जमिनीत नेमके हेच घडते. सोलापूर येथे १९३३ पासून कोरडवाहू शेतीचे संशोधन चालत आले आहे. पावसाची ओल जमिनीत धरून ठेवावी व तिच्यावर रब्बीचे पीक काढावे, हे तेथील शिकवणुकीचे सार. ज्वारीच्या बाबतीत ते अक्षरशः खरे आहे. चाफ्याच्या बाबतीत मात्र ते उलटे करावे लागते. ज्वारीला ओल धरणारी जमीन हवी, तर चाफ्याला ओल सोडणारी. जिल्ह्यात सर्वाधिक पाऊस सप्टेंबरात पडतो. तेव्हा काळी जमीन फुगते, खड्ड्यात पाणी तुंबते आणि उन्हाळ्यात तगलेले रोप भर पावसाळ्यात मरते. म्हणून चाफ्याचा खरा शत्रू मे महिना नसून सप्टेंबर आहे, हे ध्यानी ठेवावे.

यावरील उपाय बिनखर्चाचा आहे. काळ्या रानात खड्डा घेण्याऐवजी मुरमाड उंचवट्यावर, माळावर किंवा दगडी पाराच्या कडेला जागा निवडावी. तशी जागा नसेल तर मुरूम, जाड वाळू व थोडे कुजलेले शेणखत मिसळून हात-दीड हात उंचीचा ओटा करावा व त्यावर लागण करावी. जागेवर दिवसभर ऊन असावे. सावलीतला चाफा पानांनी भरतो, फुलांनी नाही. शेणखत वा नत्रखताचा मारा केल्यानेही हाच दोष उद्भवतो.

रोपे विकत आणण्याचीही गरज नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये झाड निष्पर्ण असताना पेरभर जाडीची, एक ते दीड फूट लांबीची निबर फांदी धारदार हत्याराने कापावी. ती लगेच लावणे ही सर्रास होणारी चूक आहे. कापलेला भाग सावलीत आठ-पंधरा दिवस वाळू द्यावा; चीक सुकून खपली धरली की मगच तीन-चार इंच खोल लावून काठीचा आधार द्यावा. लावताना एकदा पाणी द्यावे, पुढे माती पुरती कोरडी झाल्यावरच. मुळे फुटण्यास दीड-दोन महिने लागतात, तोवर फांदी उपटून पाहण्याचा मोह टाळावा. बियांपासूनही रोपे होतात. पण फुलांचा रंग मूळ झाडासारखा येईलच असे नाही, आणि फुलासाठी काही वर्षे थांबावे लागते.

हिवाळ्यात चाफ्याची पाने गळतात. ‘झाड वाळले’ असे समजून कोणी त्यास बादलीभर पाणी घालतो, तर कोणी उपटून टाकतो. दोन्हींमुळे जिवंत झाड हकनाक जाते. नखाने साल किंचित खरवडून पाहावी. आत हिरवेपणा असून पांढरा चीक आला तर झाड झोपलेले आहे, मेलेले नाही. त्या काळात पाणी बंदच ठेवावे. खोड दाबल्यावर मऊ लागले व आत काळपट दिसले तर मात्र ती कूज होय. तेव्हा पांढरा, निरोगी भाग लागेपर्यंत खालचे कापून टाकावे, उरलेली फांदी वाळवावी आणि नव्या जागी लावावी. झाडावर राहिलेल्या जखमेस बोर्डो मलम लावावे.

पावसाळ्याच्या अखेरीस पानांच्या खालच्या अंगास नारिंगी भुकटी दिसते. हा चाफ्याचा तांबेरा. तो पाहून ज्वारीवर रोग येईल अशी धास्ती शेतकऱ्याने घेण्याचे कारण नाही. ज्वारीच्या तांबेऱ्याची बुरशी वेगळी आहे. चाफ्याची बुरशी मालदांडीवर जात नाही. या रोगाने झाड मरतही नाही. गळलेली पाने गोळा करून खोल पुरावीत. रोग फारच बळावल्यास एक टक्का बोर्डो मिश्रण पानांच्या खालच्या बाजूस बसेल असे फवारावे.

पिठ्या ढेकणाकडे मात्र कानाडोळा करून चालणार नाही, कारण या किडीचा उपद्रव डाळिंबासही होतो आणि डाळिंब हा जिल्ह्यातील अनेक कुटुंबांचा आधार आहे. २००८ साली तमिळनाडूत प्रथम आढळलेला पपईवरील पिठ्या ढेकूण चाफ्यावरही पोसतो. २०१० साली त्याचा परोपजीवी कीटक परदेशातून आणून सोडल्यावर ती कीड आटोक्यात आली. यावरून घ्यावयाचा धडा असा की, उठल्यासुटल्या जहाल औषधे फवारून मित्रकीटक मारू नयेत. पांढरे पुंजके दिसताच पाण्याच्या जोरदार धारेने धुवावेत, किडकी शेंडी छाटावी व पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा.

चाफ्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. त्यापासून चारा, सरपण वा फळ मिळत नाही. फुलांत मध नसल्याने मधमाश्यांना त्याचा उपयोग नाही. म्हणून कडुनिंब व चिंचेची जागा त्यास देणे अनुचित ठरेल. लाकूड ठिसूळ असल्याने शाळेतील मुलांना त्यावर चढू देऊ नये. चीक डोळ्यांत जाऊ नये म्हणून छाटणीनंतर हात धुवावेत. उलट, चिकामुळे गुरे त्यास सहसा तोंड लावीत नाहीत व काटेरी कुंपणाचा खर्च वाचतो, हा लाभही थोडा नव्हे.

ग्रामसेवकाच्या वहीत लावलेल्या रोपांची संख्या असते. तिसऱ्या वर्षी उभ्या असलेल्या झाडांचा रकाना त्याशेजारी आखला गेला पाहिजे. दहा खड्डे खणून नऊ रोपे गमावलेल्या गावाचा पुढील मोहिमेवरील विश्वास उडतो, आणि गेलेला विश्वास नव्या रोपांनी भरून येत नाही. याउलट देवळापुढे, शाळेपुढे वा स्मशानात एकाच ओट्यावर लावलेली चाफ्याची फांदी घागरभर पाण्याचाही भार न टाकता जगली, तर झाड जगविण्यासाठी पाण्याइतकीच जमिनीची पारख लागते हे गावास डोळ्यांनी दिसेल. कोरडवाहू मुलुखात तेवढी समज रुजली, तरी पुढच्या लागणीचे निम्मे काम झाले असे समजावे.