पोटाच्या नावानं चांगभलं

गुडघा दुखतो म्हणून नाक्यावरच्या मेडिकलमध्ये जा. चिठ्ठी कोणी मागत नाही. दुकानदार कात्रीने पट्टीतल्या चार गोळ्या कापतो आणि आपणहून विचारतो, "सोबत ॲसिडिटीची देऊ ना?" डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये, हा छापील इशारा बहुधा त्याच्याकडे उरलेल्या तुकड्यावर राहतो. गिऱ्हाईक खूश, पोटाची केवढी काळजी!

ही काळजी म्हणजे शुद्ध धूळफेक आहे, आणि तिच्यात औषध कंपन्यांपासून दवाखान्यांपर्यंत सगळ्यांचे हात गुंतले आहेत.

ॲस्पिरिनच्या जातीची औषधं प्रोस्टाग्लँडिन तयार होऊ देत नाहीत, हे जॉन व्हेन यांनी १९७१ सालीच दाखवलं. त्यामुळे दुखणं थांबतं. पण पोटाचं आणि आतड्याचं अस्तर राखायला हीच प्रोस्टाग्लँडिनं लागतात. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल आम्ल कमी करतात, त्याने जठरातले अल्सर खरोखर टळतात. म्हातारी माणसं, आधी अल्सर झालेले, रक्त पातळ करणारी औषधं घेणारे, यांना ती द्यायलाच हवीत. त्यावर माझं भांडण नाही. भांडण आहे ते त्याखालच्या काही मीटर लांब लहान आतड्याबद्दल, जिथे जठरातल्या आम्लाचा फारसा संबंधच उरत नाही.

तिथवर नेहमीची दुर्बीण पोचत नसे, म्हणून सगळं आलबेल. मग गिळायचा कॅमेरा आला. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत धडधाकट माणसांना दोन आठवडे नॅप्रोक्सेन हे याच जातीचं पेनकिलर आणि जोडीला ओमेप्राझोल दिलं. ५५ टक्के जणांच्या लहान आतड्यात जखमा निघाल्या; औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत ७ टक्के. म्हणजे कवच घालून ही अवस्था! २०११ मध्ये कॅनडातल्या जॉन वॉलेस यांच्या गटाला उंदरांत आणखी वाईट दिसलं. आम्ल कमी करणारी गोळी आतड्यातल्या जिवाणूंची घडी विस्कटते, बिफिडोबॅक्टेरिया घटतात आणि पेनकिलरने होणारी जखम उलट वाढते. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, मान्य. पण शंका यायला एवढं पुरे होतं.

आपल्याकडे शंका येत नाही, कॅप्सूल येते. ॲसिक्लोफेनॅक हे पेनकिलर आणि रॅबेप्राझोल हे ॲसिडिटीचं औषध एका कवचात कोंबलं की झालं संशोधन! जुनीच दोन औषधं, नवं नाव, चकचकीत डबी. असल्या जोडगोळ्यांचं पीक इतकं माजलं की ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राला १५६ मिश्रणांवर एका फटक्यात बंदी घालावी लागली.

खरं संशोधन कसं अंगावर येतं, तेही बघा. याच वॉलेस यांनी नॅप्रोक्सेनला हायड्रोजन सल्फाइड सोडणारा रेणू जोडला. हो, सडक्या अंड्याचा वास येतो तोच वायू; अगदी थोडा असला तर अस्तर जपतो. २४४ निरोगी माणसांवरच्या चाचणीत साध्या नॅप्रोक्सेनवर ४२ टक्क्यांना अल्सर झाले, नव्या औषधावर जेमतेम ३ टक्क्यांना. पुढे यकृताची एन्झाइम वाढलेली दिसली, २०२४ मध्ये अमेरिकी नियामकाने चाचणी अडवली आणि कंपनी बुडाली. धोका पत्करणारा गाळात गेला. दोन गोळ्या एकत्र चिकटवणारा मात्र 'पोटाला एकदम सेफ' म्हणत दवाखान्याच्या बाकावर रांगेत बसलाय. त्याला आत बोलावाल तेव्हा, डॉक्टर, लहान आतड्याचा आकडा मागा.