घट कुणाचा, चोळी कुणाची



परवा अभ्यासवर्गात एक पोरगा ताडकन उठला आन् म्हणाला, "त्यांची संस्कृती म्हंजे घटकंचुकी!" टाळ्या पडल्या. मीपण वाजवल्या. मग विचारलं, अर्थ सांग. त्याला येईना. बाकीच्यांनाबी येईना.

घट म्हणजे मडकं. कंचुकी म्हणजे चोळी. वाममार्गी शाक्तांचं चक्र रात्री बंद दाराआड बसायचं. बायकांच्या चोळ्या मडक्यात टाकायच्या, पुरुषानं न बघता एक काढायची, जिची चोळी ती त्या रात्री त्याची. असं सांगतात. सांगणारे बहुतेक बाहेरचे, विरोधक. दाराआडचं बाहेरच्यानं रचायचं ही जगाची रीत. रोममध्ये पहिल्या ख्रिस्ती लोकांवर असलेच आळ होते. युरोपात चेटकिणींच्या रात्रसभेला नाव दिलं 'सॅबथ', ज्यूंच्या पवित्र दिवसाचं. म्हणून हा शब्द अख्ख्या जातीवर फेकणं मला पटत नाही. आपल्यावर असेच फेकलेत.

पण शब्दाची जात बघा. माझी आय कंचुकी घालत नव्हती, चोळी घालायची. हा शब्द सोवळ्यातला. संस्कृतात गुंडाळलं की कशाचाबी विधी होतो. आन् गोंधळ? अंगणात, संबळ-तुणतुण्यावर, दिवटी पेटवून, गावादेखत. वरच्यांच्या घरीबी लग्नानंतर घालतात. तरी भाषेत गोंधळ म्हणजे बेशिस्त, तमाशा म्हणजे बेअब्रू. मास्तर वर्गात ओरडायचा, काय गोंधळ लावलाय!

म्हणून गोंधळ 'आपला' म्हणत मी कवटाळणार नाही. १९५६ ला देव सोडले ते सोडले. 'रिडल्स'मध्ये बाबासाहेबांनी पंचमकार मांडले ते चघळायला नव्हे. अहिंसा सांगणारे पुन्हा मद्यमांसाकडे वळले कसे, हा त्यांचा सवाल होता.

मला चीड येते ती आपल्या टाळ्यांची. मडक्यातली चोळी जिची, तिला कुणी विचारलं? वर्गात एकानंबी हे विचारलं नाही. आन् आपल्या सांगली-साताऱ्यात मडकंबी लागलं नाही, दारबी लावावं लागलं नाही. यल्लमाला, खंडोबाला दिवसाढवळ्या पोरी सोडल्या. जोगतिणी झाल्या, मुरळ्या झाल्या. बहुतेक आपल्याच वस्तीतल्या. १९३४ ला कायदा झाला. २००५ ला परत कायदा. पहिला पुरला असता तर दुसरा कशापायी लागता?

त्या पोराला म्हणालो, पुढच्या खेपेला घटकंचुकी राहू दे. जोगतिणीच्या लेकराच्या शाळेच्या दाखल्यावर बापाच्या नावाच्या जागी काय लिहिलंय, तेवढं बघून ये.