पडद्याचे माप आणि तिकिटाचे मोल

घुग्घुसच्या खाणीतील कोळसा काट्यावर चढल्याशिवाय पुढे सरकत नाही. किती टन गेला, कोणत्या प्रतीचा गेला, याची नोंद झाल्यावरच त्याचा दाम ठरतो. सिमेंटच्या पोत्यावरही वजन छापलेले असते. मोजून देणे व मोजून घेणे ज्या गावाच्या अंगवळणी पडले आहे, तेथील शिक्षक, कारकून वा विद्यार्थी मोठ्या शहरात जाऊन भव्य पडद्याचे महागडे तिकीट काढतो, तेव्हा मात्र त्या तिकिटावर पडद्याचे माप कोठेही आढळत नाही. जादा पैसे मोजूनही आपण नेमके काय विकत घेतले, हे त्याला कळत नाही. हा जादा खर्च सार्थ आहे काय, या प्रश्नाचे मर्म येथेच आहे.

भव्य पडद्याचे आकर्षण मुळातच खोटे आहे, असे कोणी म्हणणार नाही. १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झालेला ‘शोले’ मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात ७० मिलिमीटरच्या पडद्यावर व अनेक दिशांनी येणाऱ्या ध्वनीसह पाहिलेल्या पिढीला तो अनुभव आजही आठवतो. वास्तविक त्या चित्रपटाचे चित्रीकरण ३५ मिलिमीटरच्या फितीवर झाले होते व मग ते ७० मिलिमीटरवर मोठे करण्यात आले. तरीही पडदा खरोखर मोठा होता, आवाज खरोखर निराळा होता आणि प्रेक्षकाच्या पैशाचे चीज झाले.

आयमॅक्स हे त्याच्याही पुढचे पाऊल. १९७० साली ओसाकाच्या जागतिक प्रदर्शनात ते प्रथम अवतरले. त्यात ७० मिलिमीटरची फीत आडवी धावते आणि तिच्यावरील एकेक चौकट रूढ ७० मिलिमीटर चौकटीच्या तिपटीहून मोठी असते. महाराष्ट्रातही २००१ साली मुंबईत वडाळ्याला आयमॅक्सचा घुमटाकार पडदा उभा राहिला होता. परंतु पुढे फितीची जागा डिजिटल यंत्रांनी घेतली आणि नाव तेच राहून वस्तू मात्र बदलली. पडदा दहा मीटर रुंद धरला, तर मूळ आयमॅक्सच्या प्रमाणात त्याची उंची सुमारे सात मीटर भरते. बहुतेक डिजिटल आयमॅक्सच्या प्रमाणात ती सव्वापाच मीटरच्या आसपास राहते. २०२३ साली ‘ओपनहायमर’ आयमॅक्सच्या मूळ फितीवर दाखवू शकणारी चित्रपटगृहे साऱ्या जगात अवघी ३० होती आणि त्यांपैकी एकही भारतात नव्हते. फलकावरील अक्षरे मात्र सर्वत्र सारखीच. शिवाय जो चित्रपट उंच चौकटीसाठी चित्रित झालेलाच नाही, तो कितीही उंच पडद्यावर दाखवला तरी वरची व खालची जागा काळीच राहणार.

‘विशेष’ या शब्दाचा अर्थ शासनदरबारीही निश्चित झालेला दिसत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये कर्नाटक सरकारने तिकिटाच्या दरावर २०० रुपयांची मर्यादा घातली. परंतु ७५ वा त्याहून कमी आसनांच्या विशेष सुविधांच्या पडद्यांना तीतून वगळले. म्हणजे विशेषत्वाची कसोटी लावली ती खुर्च्यांच्या संख्येची, पडद्याच्या आकाराची नव्हे! पुढे त्याच महिन्यात उच्च न्यायालयाने त्या मर्यादेला स्थगिती दिली. करांचा विचार केला, तर २२ सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर ५ टक्के व त्याहून महाग तिकिटावर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे. महाग तिकीट घेणारा अशा रीतीने दरही अधिक देतो आणि करही अधिक भरतो.

घुग्घुसच्या कुटुंबाचा हिशेब तर आणखी निराळा आहे. चंद्रपूर पंचवीसेक किलोमीटरवर आणि नागपूर सुमारे दीडशे किलोमीटरवर. चौघांचे जाणे-येणे, बाहेरचे खाणे आणि वाया जाणारा दिवस यांची बेरीज तिकिटाआधीच सुरू होते. याच मुलखात दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटके रात्र-रात्र रंगतात. तेथे पुढच्या जागेसाठी चार पैसे जादा देणाऱ्याला आपण रंगमंचाच्या किती जवळ बसणार, हे डोळ्यांनी दिसते. महानगरातील झगमगत्या खिडकीशी मात्र त्याला केवळ नावावर विश्वास ठेवावा लागतो.

तेव्हा उत्तर सरळ आहे. चित्रपट उंच चौकटीसाठी चित्रित झालेला असेल आणि पडदा त्या मापाचा असेल, तर क्वचित प्रसंगी जादा पैसे मोजण्यात काहीही वावगे नाही. या दोहोंपैकी एक गोष्ट नसेल, तर तो खर्च गुबगुबीत खुर्चीचा व नावाचा आहे, चित्राचा नव्हे. त्याच रकमेत घरातील आणखी एका माणसाने साध्या पडद्यावर तोच चित्रपट पाहावा, हे अधिक शहाणपणाचे. परंतु ही निवड करावयाची तर प्रेक्षकाला माहिती हवी. वेष्टनातील मालावर वजन-माप छापण्याचे बंधन व्यापाऱ्यावर आहे. तसेच पडद्याची रुंदी, उंची आणि चित्रपटाच्या चौकटीचे प्रमाण दर्शनी फलकावर व तिकिटावर देण्याचे बंधन चित्रपटगृहचालकांवर घालण्यास शासनाला कोणती अडचण आहे? ज्यांचा पडदा खरोखर मोठा आहे, त्यांना त्याचे माप सांगण्यास संकोच वाटण्याचे कारण नाही. कोळसा काट्यावर चढतो. मग पडद्यानेही एकदा काट्यावर चढावे.