शत्रूचे चित्र कोण काढतो?

आज 17 सप्टेंबर, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. कनेरगाव नाक्याला हा दिवस जरा जास्तच जवळचा. 1948 पर्यंत निजामाचे संस्थान इथे संपत होते आणि पैनगंगा ओलांडली की वऱ्हाड लागत होते. निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांच्या धास्तीने लेकराबाळांसह रात्री-अपरात्री पलीकडे गेलेल्या कुटुंबांच्या आठवणी या पट्ट्यात अजून निघतात. पण त्या सांगणारी माणसे थोडी उरली आणि त्यांची जागा मोबाइल घेऊ लागला. हल्ली असा दिवस जवळ आला की संगणकाने रचलेल्या चित्रफिती ग्रुपवर येऊन पडतात. लालबुंद डोळे, बाहेर आलेले सुळे, हातात तलवार, मागे आगीचे लोळ. चौथी-पाचवीतली पोरे त्या पाहतात आणि यालाच इतिहास समजतात. हे किरकोळ म्हणून सोडून देण्यासारखे नाही.

युद्धासाठी कार्टूनला जुंपण्याची रीत जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात डिस्नेचा डोनाल्ड डक हिटलरच्या कारखान्यात कामाला लागला. 1943 च्या ‘डेर फ्यूरर्स फेस’ या चित्रफितीत तो सकाळी उठतो, लपवून ठेवलेला कॉफीचा एकुलता एक दाणा दोऱ्याने पाण्यात बुडवतो आणि लाकडासारखा पाव करवतीने कापून खातो. मग पट्ट्यावरून येणारे तोफगोळे पिळत राहायचे आणि मधूनच हिटलरची तसबीर आली की हात वर करायचा. पट्ट्याचा वेग वाढत जातो तसा तो वेडापिसा होतो. हुकूमशाहीत माणसाचे काय होते हे इतक्या थोड्या वेळात क्वचितच कोणी दाखवले असेल, आणि त्या फितीला ऑस्कर मिळाले ते रास्तच होते. पण त्याच फितीत सुरुवातीला वाजतगाजत येणाऱ्या बँडमध्ये एक जपानी आहे. त्याला दिले आहेत ते पुढे आलेले दात आणि बारीक डोळे. हिटलरची टिंगल एका माणसाची होती. ही टिंगल मात्र एका अख्ख्या जनतेच्या चेहऱ्याची होती.

जपाननेही तेच केले. नौदलाच्या पैशावर मित्सुयो सेओ यांनी ‘मोमोतारो’ हा तासाभराहून लांब कार्टूनपट काढला. जपानी पोरांच्या लाडक्या लोककथेतला नायक त्यात सेनापती झाला, अस्वल, माकड, कुत्रा त्याचे छत्रीधारी सैनिक झाले आणि इंग्रजांच्या डोक्यावर राक्षसाची शिंगे उगवली. एप्रिल 1945 मध्ये तो पडद्यावर आला, तेव्हा बॉम्बच्या भीतीने शहरातली मुले खेड्यांत हलवलेली होती. ज्यांच्यासाठी तो काढला, त्यांतल्या फार थोड्यांनी तो पाहिला.

आपल्याकडे कार्टूनचा आरंभ निर्मळ होता. पुण्याच्या ‘प्रभात’ने 1934 मध्ये ‘जंबूकाका’ काढला तो करमणुकीसाठी. युद्ध आले ते माहितीपटांच्या वाटेने. 1940 मध्ये मुंबईत फिल्म अॅडव्हायझरी बोर्ड बसले. जे. बी. एच. वाडिया त्याचे अध्यक्ष होते आणि व्ही. शांताराम यांनीही काही काळ तिथे काम केले. 1943 पासून इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया आणि इंडियन न्यूज परेड सुरू झाले. भारत संरक्षण नियमांखाली प्रत्येक थिएटरला सरकारमान्य फिल्म दाखवणे सक्तीचे झाले. तुरुंगात पुढारी आणि पडद्यावर साम्राज्याचा विजय, हे लोकांना पटण्यासारखे नव्हतेच. युद्ध संपल्यावर 1946 मध्ये हे खाते मोडीत निघाले आणि त्याची किंमत पुढच्याच वर्षी कळली. 15 ऑगस्ट 1947 चे चित्रण करायला सरकारकडे स्वतःचे युनिटच नव्हते. फिल्म्स डिव्हिजन आले ते 1948 मध्ये.

त्या सक्तीतूनही एक सोन्यासारखी गोष्ट निघाली. युद्धकार्याला मदत करणारा चित्रपट काढा, असा सरकारचा निर्मात्यांवर दट्ट्या होता. शांतारामांनी सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची कथा निवडली. 1938 मध्ये काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांपैकी ते एक. जपानविरुद्ध लढणाऱ्या चिनी सैनिकांची सेवा करता करता 9 डिसेंबर 1942 रोजी, बत्तिसाव्या वर्षी, ते तिथेच गेले. ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ 1946 मध्ये आला. जपानविरोधी म्हणून तो सरकारला चालला, देशभक्तीचा म्हणून लोकांना भावला. युद्धप्रचारच म्हणायचा तर तोही युद्धप्रचारच होता. पण त्याच्या मध्यभागी नाव, गाव, आईबाप आणि बायको असलेला खरा माणूस होता, म्हणून तो टिकला. 1962 मध्ये चीनशी युद्ध झाले तरी कोटणीसांबद्दलचा आदर आटला नाही.

आमचे म्हणणे एवढेच की शत्रूचे चित्र काढताना त्याचे नाव-गाव पुसले की ते चित्र कुणाच्याही तोंडावर चिकटवता येते. हे मराठवाड्याने भोगले आहे. रझाकारांचे अत्याचार खरे होते आणि ते स्पष्ट शब्दांत सांगितलेच पाहिजेत. पण ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांनी संस्थानात बसून विलीनीकरणाची बाजू मांडली म्हणून ऑगस्ट 1948 मध्ये त्यांचा खून झाला, हेही तितकेच खरे. आणि संस्थान भारतात आणणाऱ्या पोलीस अॅक्शननंतर उस्मानाबाद, नांदेडसह अनेक जिल्ह्यांत रझाकारांशी काडीचा संबंध नसलेली मुसलमान माणसे मारली गेली, हे पंडित सुंदरलाल समितीने नोंदवले. तो अहवाल कित्येक दशके दडवून ठेवला गेला. सुळेवाल्या चित्रात शोएबुल्ला खान कुठे बसवणार?

मे 2025 मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत व्हिडिओ गेममधली दृश्ये खरी लढाई म्हणून देशभर फिरली आणि केंद्र सरकारच्या पीआयबीच्या फॅक्ट चेक विभागाला खुलाशांवर खुलासे करावे लागले. तेव्हा शहाणीसुरती माणसे फसली. दहा वर्षांच्या पोराने खऱ्याखोट्याची पारख कशी करावी?

म्हणून परिसरातल्या शाळांना विनंती आहे. झेंडावंदन झाल्यावर एक तास द्या. डोनाल्डची ती फीत मोठ्या वर्गांना दाखवा आणि विचारा, ही कोणी काढली, कोणासाठी, आणि यात कोण दिसत नाही? मग मुक्तिसंग्रामातले स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदराव पानसरे, ज्यांच्या नावाने वसमतला महाविद्यालय उभे आहे ते बहिर्जी शिंदे आणि शोएबुल्ला खान, ही नावे एका दमात सांगा. आणि ज्यांच्या घरी नव्वदीकडे झुकलेले कोणी असेल, त्यांनी आजच संध्याकाळी त्यांच्यासमोर मोबाइल ठेवून रेकॉर्डिंग सुरू करावे. पुढच्या वर्षी ग्रुपवर तेच टाका.