विसराळू सर्व्हर

परवा बाबांनी एका संकेतस्थळावर लांबलचक अर्ज भरला. चष्मा पुसत, कागद शोधत, चांगला पाऊण तास. शेवटी बटण दाबलं तर उत्तर आलं, 'आपलं सेशन संपलं आहे.' सगळं गेलं. बाबा म्हणाले, "माझंच काहीतरी चुकलं असेल." मला लाज वाटली, कारण मी असलीच पानं लिहून पोट भरतो.

बाबा, चूक तुमची नाही. एचटीटीपी मुळातच विसराळू. मघाशी कोण येऊन गेलं, ते त्याच्या गावीही नसतं. म्हणून १९९४ साली नेटस्केपच्या लू मॉन्टुली यांनी कुकी काढली. ही ओळखीची चिठ्ठी, ब्राउझरने दर खेपेला दाखवायची. तिच्यावरून सर्व्हर आपलं टिपण शोधतो. पण उदाहरणार्थ पीएचपीत त्या टिपणाची मुदत आपण बदलली नाही तर १४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटं. तेवढ्यात नवी विनंती आली नाही की टिपण रद्दीत जाऊ शकतं. आणि बाबा टाइप करत होते ते बटण दाबेपर्यंत सर्व्हरला दिसतच नव्हतं!

मुदत वाढवता येते. दर दोन मिनिटांनी कच्चा अर्ज डेटाबेसात ठेवता येतो. बँकेच्या व्यवहाराला मुदत कमीच हवी, मान्य. पण साध्या अर्जाला? सर्व्हर विसराळू आहे, म्हणून तर आपल्याला कामावर ठेवलंय ना?

असो. रविवारी बाबांनी अर्ज पुन्हा भरला. या वेळी आधी वहीत लिहून.