सीमेवर गेलेला दिवस कुठून कापायचा?

काठमांडूहून त्रिशूली, धुंचे, स्याब्रुबेसी करत रसुवागढीला पोहोचलेला आपल्याकडचा रायडर सहसा मजेत असतो. रस्त्याने हाडे खिळखिळी केलेली असतात, दरडीखालून गाडी काढताना दोनदा तरी देव आठवलेला असतो, पण दम लागलेला नसतो. लागणारच नाही. रसुवागढीचा पूल साधारण 1,800 मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षा जेमतेम दीडशे मीटर वर. काठमांडू तर महाबळेश्वरच्याच उंचीचे. हिमालयातली आंतरराष्ट्रीय सीमा म्हटल्यावर मनात जी उंची उभी राहते, ती या सीमेवर नाहीच. ती पलीकडे आहे, आणि भलतीच लवकर येते.

पूल ओलांडून चढत गेले की केरुंग लागते, सुमारे 2,800 मीटर. बहुतेक गटांचा तिबेटमधला पहिला मुक्काम इथे असतो. दुसऱ्या दिवशी 5,200 मीटरहून उंच गुंगतांग ला ही खिंड ओलांडायची, पैकू त्सो तळ्याच्या काठाने शिशापांग्मा शिखर बघत जायचे आणि रात्री जुन्या टिंग्रीत सुमारे 4,300 मीटरवर झोपायचे, हा ठरलेला कार्यक्रम. झोपण्याची उंची एका रात्रीत दीड हजार मीटरने वाढली. पर्वतीय वैद्यकातली सर्वमान्य शिफारस अशी, की 3,000 मीटरच्या वर झोपण्याची उंची दिवसाला 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर जास्तीची काढावी. म्हणजे एकही अडचण आली नाही तरी हा कार्यक्रम मुळातच तिप्पट घाईचा आहे. आणि सीमेवर अडचण येत नाही असे क्वचितच घडते.

पहिली अडचण घड्याळाची. नेपाळचे घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटे पुढे, तर सगळा चीन बीजिंगच्या वेळेवर चालतो. दोन्ही काठांत सव्वादोन तासांचा फरक. नेपाळच्या बाजूला सकाळी दहाला कागद पुढे सरकवले तर पलीकडे सव्वाबारा वाजलेले असतात आणि साहेबलोक जेवायला उठण्याच्या बेतात असतात. मग कागदांची गंमत. भारतीय गाडी नेपाळात भन्सार (जकात) भरून येते आणि पुन्हा भारतातच जाते, अशी तिथल्या टेबलांना सवय. ती उत्तरेकडून तिसऱ्या देशात निघाली की प्रत्येक शिक्का दोनदा वाचला जातो. चीनमध्ये तर आपला आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना चालतच नाही आणि कार्नेटलाही (गाडीच्या जकातहमीच्या कागदालाही) तिथे किंमत नाही. तात्पुरता परवाना, तात्पुरती नंबरप्लेट, सोबत सक्तीचा गाईड आणि तारीखवार ठरवून दिलेला मार्ग, असा सगळा मामला आहे. सामानाच्या तपासणीत पुस्तके आणि फोनमधले फोटोही बघितले जातात. त्यातून निसर्ग. 25 एप्रिल 2015 च्या भूकंपाने कोदारीची जुनी वाट मोडली, म्हणून 2017 पासून परदेशी प्रवासी केरुंगकडे वळले. त्याच वाटेवरचा रसुवागढीचा मितेरी पूल 8 जुलै 2025 च्या पुराने वाहून नेला. वर तिबेटात हिमनदीच्या पृष्ठावरचे एक तळे फुटले होते, खाली रसुवात मोठा पाऊसही नव्हता. कुठली वाट कधी चालू आहे हे निघण्याच्या आठवड्यात काठमांडूतल्या माणसाला विचारूनच पक्के करावे लागते.

एवढ्यात एखादा दिवस जातो. प्रश्न पुढचा आहे. गेलेला दिवस कार्यक्रमात कुठून भरून काढायचा? परमिटवरच्या पुढच्या तारखा हलत नाहीत, हॉटेले ठरलेली असतात, लंडनकडे निघालेल्या गटाला किर्गिझस्तानच्या सीमेवर ठरल्या दिवशी हजर व्हायचे असते. अशा वेळी एजन्सीचा माणूस म्हणतो, केरुंगचा मुक्काम नको, आज रात्रीच वर जाऊ. टूर लीडर मान डोलावतो, कारण कागदावर तो दिवस रिकामाच दिसत असतो, त्यात कुठलाही देखावा नसतो. सीमेवरचा उशीर दरवेळी असा शरीराच्या वाट्यातूनच वसूल केला जातो.

‘आम्ही लेह केलंय’ हे यावरचे ठरलेले उत्तर. लेहचा अनुभव कमी लेखण्याचे कारण नाही. सरचूच्या तंबूत डोके धरून काढलेली रात्र पुष्कळ शिकवते. पण लेहच्या वाटेवर तारखा तुमच्या असतात. त्रास वाढला तर गाडी वळवून केलाँगला 3,100 मीटरवर येता येते, कुणाला विचारावे लागत नाही. तिबेटात ही मुभा फक्त खिंडीच्या दिवशी आहे. गुंगतांग लावर कुणी ढासळला तर खाली केरुंग आहे, ते चीनमध्येच असल्याने शिक्क्याचा प्रश्न येत नाही. टिंग्रीच्या पुढे पठार सुरू झाले की उतरायला जागाच नाही. ल्हासाकडे जाताना पुन्हा 5,200 च्या वरची ग्यात्सो ला आडवी येते, आणि खुद्द ल्हासा 3,650 मीटरवर. तेव्हा मागे फिरण्याचा निर्णय केरुंग आणि खिंड यांच्यामध्येच घ्यावा लागतो, नेमका तेव्हा, जेव्हा सगळा गट सीमा पार झाल्याच्या आनंदात असतो.

आजारी रायडर त्रास लपवतो, आणि त्यामागे निव्वळ मर्दानगी नसते. गाडी त्याच्या नावावर देशात आलेली असते, ती त्याच्याच नावावर बाहेर पडायला हवी. दुसऱ्याने चालवत नेली असे सहज करता येत नाही. मी गाडीत बसलो तर माझ्या बाईकचे काय, हा विचार डोकेदुखीच्या आधी डोक्यात येतो. म्हणून लीडने विचारपूस करण्यापेक्षा बघायला शिकले पाहिजे. चांगला, कसलेला रायडर चालण्याच्या वेगात गाडी पाडू लागला, वळणावर पाय टेकू लागला, तर दोष रस्त्याला देऊ नका. संध्याकाळी हॉटेलच्या व्हरांड्यात त्याला टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत चालायला सांगा. तोल गेला, तर मेंदूला सूज येत असण्याची शक्यता धरून त्याच घटकेला खाली निघायचे. बसल्या जागी धाप लागत असेल तर फुफ्फुसात पाणी होत असेल, तेव्हाही तेच. डायमॉक्स घ्यायची तर डॉक्टरांशी बोलून, सल्फाची अॅलर्जी सांगून. तिबेटातल्या दुकानांत मिळणारे ऑक्सिजनचे डबे खिडकीत मांडून फोटो छान येतात, याहून जास्त भरवसा त्यांच्यावर ठेवू नये.

आमचे म्हणणे एवढेच, की उंचीची सवय सीमेच्या अलीकडे करून घ्यावी, जिथे तारखा आपल्या हातात आहेत. नेपाळात ते अवघड नाही. मुक्तिनाथला आपली माणसे दर्शनाला जातातच. पोखऱ्याहून जोमसोम 2,740 मीटर, वर मुक्तिनाथ सुमारे 3,700. जोमसोमला आणि मग मुक्तिनाथला दोन-दोन रात्री काढून काठमांडूला उतरले, तर मधल्या तीन-चार दिवसांत मिळवलेली सवय फारशी उतरत नाही. ज्यांना चालायची आवड आहे त्यांनी स्याब्रुबेसीला गाड्या लावून लांगटांग खोऱ्यात क्यांजिन गोम्पापर्यंत (3,870 मीटर) जावे. सीमेच्या दारातच ती सोय आहे. मग पुलावर एक दिवस गेला आणि केरुंगची एक रात्र बुडाली, तरी गट कोरा नसतो. खर्च वाढेल, सुट्टी वाढेल, जाहिरातीतला ‘इतक्या दिवसांत इतके देश’ हा आकडा बिघडेल. बिघडू द्या.

येत्या मोसमाचे कार्यक्रम ज्या टूर लीडरांच्या टेबलावर आहेत, त्यांना विनंती आहे. परमिटचा अर्ज एजन्सीकडे गेला की तारखा गोठतात. तो जाण्याआधी त्यात केरुंगच्या दोन रात्री लेखी मागा, आणि नेपाळातले उंचीवरचे मुक्काम ऐच्छिक न ठेवता सगळ्या गटासाठी सक्तीचे करा. जो रायडर त्यासाठी सुट्टी काढू शकत नाही, त्याला यंदा घेऊ नका.