हवेतला सहकार



३० जुलै १९९१ चा वर्धेचा पूर आपल्या भागातला जाणता माणूस विसरलेला नाही. आपल्या वरच्या अंगाला मोवाड गाव पाण्याखाली गेले, दोनशेहून अधिक माणसे दगावली. अशा वेळी पहिला प्रश्न एकच असतो : कोण कुठे आहे? नाव कुठवर आली, डॉक्टर कुठे अडकला? याचे उत्तर देणारी एक सोय जगात आहे. ती आपल्या तिवसा तालुक्यातही असावी, असे आमचे मत आहे.

हौशी रेडिओवाले, म्हणजे ‘हॅम’ मंडळी, सरकारी परीक्षा देऊन परवाना घेतात आणि पदरमोड करून बिनतारी संच चालवतात. १९९३ च्या किल्लारी भूकंपात, २००४ च्या सुनामीत अंदमानात, याच मंडळींनी निरोप पोहोचवले. अमेरिकेतले बॉब ब्रुनिंगा यांनी १९८४ साली शंभर मैलांच्या दौडीत कोणता घोडा कुठवर आला हे कळावे म्हणून संगणक आणि रेडिओची जोड घातली. पुढे १९९२ पासून ती पद्धत ‘एपीआरएस’ या नावाने पसरली.

युक्ती समजायला अवघड नाही. जीपीएस यंत्र उपग्रहांवरून आपले ठिकाण काढते. दुसरे लहानसे यंत्र त्या आकड्यांचा आवाज करते आणि संच तो क्षणभरात हवेत सोडतो. उंचावरचे केंद्र तो ऐकून पुढे ढकलते. संगणकावर नकाशा उघडून बसलेल्याला ठिपका सरकताना दिसतो.

कोणी म्हणेल, “मोबाईल हाये ना खिशात!” आहे. पण टॉवरची वीज गेली, बॅटरी संपली, की मोबाईल नुसता डबा. हॅमचा संच ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालतो, त्याला टॉवर लागत नाही.

दुसरा म्हणेल, “मग उसाच्या गाड्यांवरच बसवा, यार्डात नंबर कधी लागतो ते तरी कळेल.” ते मात्र जमणार नाही. हौशी रेडिओ धंद्यासाठी वापरायचा नाही, असा नियमच आहे. गुप्त भाषाही चालत नाही. निरोप कोणीही ऐकावा.

आम्हाला तर हीच गोष्ट भावली. अनोळखी माणसाचा निरोप आपला संच पुढे ढकलतो, उद्या आपला निरोप त्याचा संच ढकलील. कोणी कोणाकडे पैसा मागत नाही. एकाच्या शेअरवर कारखाना उभा राहत नाही, तसे एकाच्या संचावर हे जाळे उभे राहत नाही. सहकार म्हणतात तो दुसरा काय असतो?

म्हणून आमची सूचना अशी. सभासदांच्या मुला-मुलींपैकी दहा-बारा जणांना कारखान्याने परीक्षेची पुस्तके आणि बसायला एक खोली द्यावी. परवाने हाती आले की रीतसर परवानगी काढून पाण्याच्या टाकीवर केंद्र बसवावे. नदीकाठच्या गावी एकेक संच राहावा, आणि पावसाळ्याआधी दरवर्षी एकदा त्याची तालीम व्हावी. खर्च फार मोठा नाही. नेट मात्र लागेल.

तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाही, हे शेतकऱ्याला सांगायला नको. हा विषय येत्या सर्वसाधारण सभेपुढे यावा, ही संचालक मंडळास विनंती.